अर्ध्या गाण्यांची कॅसेट

मुलीच्या हळदीला मी गाणं म्हणावं, हा हट्ट मुलीनंच धरला. ती गोंदियाला एका दवाखान्यात काम करते, कुडव्याला खोली करून राहते. लग्नाआधी एकदा दोन दिवसांची सुट्टी काढून घरी केशोरीला आली आणि चपला काढायच्या आधी दारातूनच बोलली, "आई, हळदीले डीजे लागन. पण त्याच्या आधी तू गाणं म्हणशीन. एकटी. पूर्ण गाणं."

"मले नाही येत."

"येते. बिड्या वळतानी म्हणत होती ते."

"ते अर्धंच येते."

"मंग राहिलेलं अर्धं शिक."

मी चार माणसांत बोलत नाही. बचत गटात माझं नाव पुकारलं की मी नुसता हात वर करते. विहारात वंदना म्हणते, पण तिथं सगळ्या जणी मिळून म्हणतात, माझा आवाज कुणाला वेगळा ऐकू जात नाही. लग्नाचं ठरल्यापासून मुलीनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मागितलं ते हेच. नाही म्हटलं असतं तर ती रागावली नसती. तसंच मनात घेऊन सासरी गेली असती, आणि ते मला सहन झालं नसतं.

गाणं अर्धंच का येतं, ते सांगायचं तर कॅसेटपासून सांगावं लागतं.

माझं माहेर नवेगाव बांधचं. चौथी झाली, शाळा सुटली आणि मी घरातल्या बायांसोबत बिड्या वळायला बसले. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याची रीळ. हात दिवसभर गुंतलेले, कान मात्र रिकामे. मोठ्या भावानं कुठूनसा एक टेप आणला, तेव्हा त्या रिकाम्या कानांना पहिल्यांदा काम मिळालं. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. फुगे, बांगड्या, भजी आणि एका पालात कॅसेटवाला. बिड्यांच्या पैशातून स्वतःसाठी घेतलेली माझी पहिली वस्तू ती कॅसेट.

एकाच पिक्चरची कॅसेट घेतली की दोन गाणी चांगली निघत, बाकीची ऐकावी लागत म्हणून ऐकायची. मी घेतलेल्या मिक्स कॅसेटमध्ये सगळीच गाजलेली. वर कागदावर इतक्या हिरोइनींचे फोटो, की एकेकीचा चेहरा बोटाच्या नखाएवढा. मला वाटलं, एवढ्या सगळ्या एकदम घरी येऊन राहिल्या.

घरी लावली आणि भाऊ पहिल्याच ओळीला ओरडला, "हा आवाज तिचा नाही! नकली देली तुले."

खरंच नकली होती. फोटो एकीचा, गाणारी दुसरीच, आणि त्या दुसरीचं नाव कागदावर कुठंच नाही. प्रत्येक गाण्यावर वरून ढोलकी चढवलेली, कुणी रिकामा डबा बडवावा तशी. एक कडवं झालं की ढोलकीचा एक लांब तुकडा आणि लगेच दुसरं गाणं. रडकं गाणं सुरू व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, तेवढ्यात होळीचा धिंगाणा. दोन गाणी तर अशी, की ती कुण्या पिक्चरमध्ये आहेत हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. जागा भरायला घातली असावीत.

भाऊ कॅसेट परत करायला निघाला. मी त्याच्यासमोर कधी तोंड उघडत नव्हते. त्या दिवशी त्याच्या हातातून कॅसेट ओढून घेतली आणि म्हटलं, "राहू दे. मले हेच पाहिजे."

"नकली पाहिजे?"

"हो, नकली पाहिजे."

तेव्हा कारण सांगता आलं नसतं, आता येतं. खरी गाणारी सूर वर नेते तिथं माझा गळा पोचतच नाही. ही बिननावाची बाई वर चढायची, थोडं खालीच थांबायची आणि तिथूनच परत वळायची. माझाही आवाज नेमका तिथंच थांबतो. तिच्याबरोबर मला म्हणता यायचं, मोठ्या गायिकेचं मला फक्त ऐकता यायचं. आणि रडक्या गाण्यानंतरच्या होळीचं म्हणाल, तर बिड्या वळणाऱ्या पोरींना ती बरीच होती. डोळे पुसायला हात कुठं मोकळे होते?

ज्यांना गाण्यातलं कळतं ते अशा कॅसेटला नावं ठेवतात. ठेवोत. त्यांच्याकडे सगळ्या गाण्यांच्या वेगवेगळ्या कॅसेटी घ्यायची सोय होती. आमच्या घरात कॅसेट एकच येणार होती, मग तिच्यात सगळं थोडं थोडं असलं तर काय बिघडलं? आम्ही जत्रेत जेवतो तेही असंच, थोडं हे, थोडं ते, आणि पोट भरतं.

एक तोटा मात्र खरा. मला एकही गाणं पूर्ण येत नाही. अंताक्षरीत मला कुणी हरवू शकत नाही, कारण तिथं सुरुवातीचंच काम असतं. पुढं म्हण म्हटलं की मी गप्प.

लग्न होऊन मी केशोरीला आले. सासरीही बिड्याच होत्या. माझी मुलगी सुपाशेजारी फडक्यावर झोपायची आणि त्या कॅसेटमधलं एक गाणं मी तिच्यासाठी पुन्हा पुन्हा म्हणायचे. त्यात एक बाई म्हणते, की तुझ्या गावच्या वाटेवर मी झाड होऊन उभी आहे, दमलास तर सावलीला ये. एवढंच मला येत होतं. पुढं टेप बिघडला, कॅसेटला बुरशी चढली, ती टाकून दिली. मला काही वाटलं नाही. गाणी तोंडात होती.

तर मुलीनं पूर्ण गाणं शोधून माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं, अस्सल, मोठ्या गायिकेचं, आणि कुडव्याला निघून गेली. दुपारी अंगणात धान वाळत घातला होता. कोंबड्या हाकलत मी ते लावलं. झाडाचं कडवं झालं. आमच्या कॅसेटवर जिथं ढोलकी यायची तिथं बासरी आली आणि दुसरं कडवं सुरू झालं. त्यात ती बाई म्हणते, तू दारातून हाकललंस तरी मी उंबऱ्याशी पडून राहीन, लाथ मारलीस तर तीही प्रसाद समजून घेईन. तिसऱ्यात म्हणते, माझे मायबाप मला मेले, आता मी त्यांची कुणी नाही.

मी बंद केलं. मग पुन्हा लावलं, वाटलं आपलंच ऐकण्यात चुकलं असेल. चुकलं नव्हतं. आवाज फार गोड होता, ते मी नाकारत नाही. इतका गोड, की काय गिळतोय ते कळू नये.

मुलीला फोन लावला.

"आई, गाण्यात तसंच राहते. कोण ध्यान देते?"

"मले म्हणाचं आहे ना. मले ध्यान द्याच लागन."

"मंग दुसरं शिक."

"दुसरं बी नाही. हेच म्हणीन. जेवढं येते तेवढं."

 ती म्हणाली, "लोक हासतीन आई. सासरच्या बाया बी राहतीन."

"हासू दे."

फोन ठेवल्यावर वाटलं, जास्तच बोलले. पण बोलले ते बोलले. कॅसेट काढणाऱ्यानं ते कडवं आमच्या भल्यासाठी कापलं, असं मी म्हणत नाही. त्याला जास्त गाणी कोंबायची होती, बस. त्याची कात्री कशीही चालली असेल. माझ्या वाट्याला झाड आलं आणि उंबरा आला नाही, आणि मी इतकी वर्षं मुलीच्या कानात झाडच घातलं. आता पूर्ण गाण्याच्या मानासाठी तिच्या हळदीत तो उंबरा मी कशी आणू?

हळदीच्या दिवशी दुपारीच मांडव भरला. डीजेवाला वायरी जोडत होता. मुलगी बारीक आवाजात मला म्हणाली, "याच्या पेनड्राईव्हमधी बी मिक्सच आहे, सगळ्या लग्नात तेच." म्हणजे तिचा राग गेला होता, थोडा तरी. नवरदेवाकडून हळद घेऊन बाया आल्या होत्या. त्यांच्यात तिची होणारी सासूही होती, माझी विहीण.

माझी थोरली नणंद आमच्याकडच्या प्रत्येक हळदीत गाते. तिला सगळी गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काहो वहिनी, आज तोंड उघडणार म्हणतेत तुमी? पाणी जवळ ठेवा वो कोणी, बेशुद्ध पडन हे." बाया हसल्या. माईक पुढं आला, तो मी परत केला. मुलीजवळ बसले, वाटीतली हळद घेतली, तिच्या दंडाला लावू लागले आणि लावता लावता म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसरीला जाग्यावर आला. वरच्या सुराला मी थोडं खालीच थांबले आणि वळले. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिचा दंड माझ्या हातात गरम लागत होता.

कडवं संपलं आणि मी थांबले. नणंदेला वाटलं, मी विसरले. तिनं पुढचं उचललं, स्वच्छ, मोठ्या आवाजात, दार आणि उंबरा.

"थांबा बाई," मी म्हटलं.

"काऊन?"

"ते नाही म्हणाचं."

"गाणंच तसं आहे. अर्धं गाणं म्हणते का कोणी?"

"माझी पोरगी उद्या जाऊन राहिली. तिच्या हळदीत लाथ खाऊन उंबऱ्यात पडाचं गाणं नाही होणार."

इतकं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते. डीजेवाला वायर हातात धरून तसाच उभा राहिला. नणंद माझ्याकडं वळली. ती म्हणाली, "मी इतके वर्षं म्हणून राहिली, मले काही नाही झालं," आणि मग तिचं तिलाच काही वाटलं असावं, ती पदर सावरत खाली बसली. कुणीतरी हसलं, पण एकटीनंच.

 विहीणबाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "पोरगी बी तुमच्यासारखीच तोडून बोलते का?"

मुलीनं मान वर केली. माझ्या तळहातावरची हळद घामानं पातळ झाली होती. नाही हो, ती तर गरीब गाय आहे, असं म्हणायची वेळ होती ती. सगळ्या आया तेच म्हणतात, माझ्या आईनंही म्हटलं होतं.

मी म्हटलं, "शिकली असन तर बरंच आहे."

 विहीणबाईंनी ताटातली हळद घेतली आणि माझ्या मुलीच्या दुसऱ्या दंडाला लावायला पुढं सरकल्या. मी त्यांना बसायला जागा दिली आणि पुढचं गाणं सुरू केलं. त्याचंही मला एकच कडवं येतं.