मामांचे तळवे

मामा मिस्त्री फळी हातात घेऊन कधीच निवडत नसत. ते तिच्यावर उभे राहत. सोलापुरात बंगल्यांसमोर उंच लाकडी ओटे, हल्लीच्या भाषेत डेक, बांधून द्यायचं माझं काम. नमुन्याच्या फळ्या आल्या की मामा त्या मे महिन्याच्या उन्हात मांडत आणि दुपारी एकच्या ठोक्याला चपला काढून एकेकीवर चढत. डोळे मिटून शंभर आकडे मोजायचे. मध्येच पाय उचलावा लागला, तर फळी बाद.

गिऱ्हाईक रंगावर भाळायचं, मी कंपनीच्या हमीवर. मामा दोघांनाही जुमानत नसत. प्लास्टिक-लाकडाची चकचकीत फळी घेऊन आलेल्या विक्रेत्याला एकदा त्यांनी भर उन्हात बूट काढायला लावले. तो विसाव्या आकड्यालाच खाली उतरला. "गिऱ्हाईक काय बूट घालून अंगणात बसनार हाय व्हय?" असं विचारून मामांनी वर त्याला पाणीही पाजलं.

मागच्या उन्हाळ्यात होटगी रोडच्या कामासाठी गडद तपकिरी फळ्या आल्या. मामा चढले, शंभर मोजले, वर आणखी थोडा वेळ उभे राहिले. "गार हाय की, ताई. हीच घ्या." मी सहज अनवाणी पाय टेकवला आणि ओरडून मागे सरले. मामांना खाली बसवून बघते, तर दोन्ही तळवे फोडांनी भरलेले.

"दुखत नाही का हो?"

"वरीस झालं, पायाला कायच कळत न्हाय," ते हळूच म्हणाले.

साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले होते आणि हे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला. वर्षभर शेजारी उभी राहून मला दिसलं नाही, याचा त्याहून जास्त आला.

जखमा चिघळल्या. दवाखान्यात आधी बोटं काढली, मग उजवं पाऊल. मामांना काळजी भलतीच. "वरसात दोन वटे झाले आपले. त्या फळ्या मीच पास केल्या. जाऊन बघा, ताई. चपला काढून बघा."

गेले. एका घरी ओट्यावर कुरडया वाळत होत्या. "दुपारपर्यंत कडक होतात बघा," बाई कौतुकानं म्हणाल्या. "बसत नाही तिथं कुणी." दुसऱ्या घरी जाड सतरंज्या अंथरल्या होत्या. दोन्हीकडे उभी राहिले. तीसच्या पुढे मोजणं झालं नाही.

तशीच दवाखान्यात आले. "दोन्ही गार आहेत, मामा. लोक रोज बसतात."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "किती वाजता गेलता?"

"एकला."

"पाय दावा."

मी चप्पल काढली नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

त्यानंतर मामा महिनाभरच होते. मी रोज जायची. माझ्याशी चहापाण्याचं बोलायचे, फळीचं एकदाही नाही.