मंदाकिनीबाईंची कॅसेट

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतले शेजारी म्हणत, "मंदाकिनी चटणी वाटते तेही सुरात." रेल्वेतल्या कारकुनाची ही बायको. सासरी गाणे कुणाला खपत नसे, म्हणून त्या पाट्या-वरवंट्याच्या आवाजाआड रियाज करीत. पतीच्या निधनानंतर त्या प्रथमच गणेशोत्सवाच्या मंचावर बसल्या आणि पुढे दरवर्षी उत्सवाचा आरंभ त्यांच्याच भजनाने होऊ लागला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले तेव्हा मी नोकरीसाठी येथे आलो. गाव सुटल्याची रुखरुख त्यांचा आवाज ऐकताना कमी होई.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती केवळ कुजबुज.

यंदा मंडळाने ठरवले की त्यांना मंचावर बसवून हार घालावा, त्यांच्याच भजनाची जुनी कॅसेट लावावी आणि त्यांनी नुसते ओठ हलवावेत. हे सांगायला मला पाठवले. ते मला पटले नव्हते. पण त्यांना पुन्हा मंचावर पाहण्याचा दुसरा उपाय माझ्याजवळ नव्हता.

त्या चटणी वाटत होत्या. माझे बोलणे ऐकून वरवंटा थांबला. मी चाचरत म्हणालो, "ताई, लोकायले बरं वाटन."

त्यांचे उत्तर ऐकण्यासाठी मला वाकून कान जवळ न्यावा लागला.

"लोकायले वाटन. अन् मले? हार घालाचा असन, त त्या कॅसेटले घाला."