गुरुवारचा बॅकअप

चाकणच्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. तिथला मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मी रीतसर घरी आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि चिखलीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर त्याचा सर्व्हर केला. घरातले सगळे फोटो त्यावर. बायकोला तो कधीच आवडला नाही. हा पाहुणा जेवायला बसलाय तो उठतच नाही, असं ती म्हणायची.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी आमचा इलेक्ट्रिशियन बसतो. मूळचा बीडकडचा. लिनक्सशी त्याला घेणंदेणं नाही, पण विजेचा विषय निघाला की तो खुलतो. मोशीला बस अडकली की आमचं सुरू व्हायचं. रिकामा बसलेला कॉम्प्युटर किती खातो, डिस्क फिरायची थांबवली तर किती वाचतं, सारखी थांबवून चालू केली तर ती लवकर मरते का. मागून कोणीतरी म्हणायचं, "राव, तुमच्या गप्पांवर एक बल्ब चालंल."

वीज वाचवायला मी एक युक्ती केली होती. सर्व्हरवरच्या फोटोंची दुसरी प्रत एका वेगळ्या लहान मशीनवर जायची. ते मशीन आठवडाभर बंद असायचं आणि गुरुवारी सकाळी आपोआप चालू होऊन प्रत घ्यायचं. गुरुवार आमचा सुट्टीचा वार, म्हणजे मी घरी. आमच्या पट्ट्यात विजेच्या दुरुस्त्याही गुरुवारीच काढतात, पण मशीन इन्व्हर्टरवर होतं, त्यामुळे अडत नव्हतं.

एका सुट्टीला इलेक्ट्रिशियन कुठलं मशीन किती वीज खातं ते बघायला क्लॅम्प मीटर घेऊन घरी आला. मोजमाप झालं, चहा झाला. निघताना म्हणाला, "भाऊ, ते बारकं मशीन इन्व्हर्टरवरून काढ. बॅटरी उगं मरायली. पण मग बॅकअपचा वार बदल, गुरुवारी लाइट नसती."

मशीन मी त्याच संध्याकाळी साध्या प्लगला लावलं. वार बदलायचा राहिला. एका ओळीचं काम होतं.

इलेक्ट्रिशियनची बायको त्याआधीच वारली होती. तिचे व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होते आणि फोन भरून हँग व्हायला लागला होता. ती भाकरी थापताना, ती त्याला रागावताना, असले साधेच. मीच म्हणालो, माझ्या सर्व्हरवर ठेव, आपली वस्तू आपल्या घरात, दोन-दोन ठिकाणी राहील. माझ्यासमोर बसून त्याने फोन रिकामा केला.

तेव्हा आमच्याकडे नव्या लाइनचं काम निघालं होतं. दर गुरुवारी सकाळी लाइट जायची ती दुपारनंतर यायची. मी इन्व्हर्टरवरच्या पंख्याखाली झोपून घ्यायचो. बॅकअप चुकला तर मोबाइलवर मेल येईल अशी सोय मी केलेली होती. पण जे मशीन चालूच झालं नाही ते मेल कुठून पाठवणार? मेल येत नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो. बसमध्ये वाचलेल्या विजेच्या बढाया मारत होतो.

मग माळ्यावरून टकटक आवाज आला आणि सर्व्हरची डिस्क गेली. दुसरं मशीन उघडलं तर त्यात इलेक्ट्रिशियनचा एकही व्हिडिओ नव्हता. डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आतल्या तबकडीवरचा ओरखडा दाखवला आणि डिस्क परत केली.

सांगायला मी चार दिवस लावले. बसमध्येच सांगितलं. डिस्क गेली, आणि इन्व्हर्टर नव्हता म्हणून दुसरी प्रत निघाली नाही, असं.

तो म्हणाला, "मीच काढायला लावलं ना रे इन्व्हर्टरवरून."

वार बदल म्हणून सांगितलं होतं, हे तो विसरला होता. मला शब्द न् शब्द आठवत होता. मी म्हणालो, "जाऊ दे, नशीब."

सर्व्हर आता बंद आहे. बायकोला बरं वाटतं. इलेक्ट्रिशियन अजून माझ्यासाठी शेजारी डबा ठेवून जागा धरतो. परवा त्याने विचारलं की मुंबईला कोणी असं डिस्कमधलं काढून देणारं असेल का, बॅटरीच्या नादात आपल्याच हाताने झालंय, निदान बघावं तरी. मी म्हणालो, विचारतो. कोणी काढून देणार नाही हे मला माहीत आहे.