पत्रिकेतली धनश्री कोण?

मला न विचारता माझं नाव बदललं, आणि वर हसून सांगतोय! लग्न माझ्या मुलाचं, पण पत्रिकेत आई म्हणून कुणी धनश्री. आज दुपारी प्रशांतनं मोबाइलवर दाखवली. मी विचारलं, "ही बाई कोण?"

"आई, तूच. मुलीकडचे सगळे बंगाली, शिकलेले. धोंडाबाई म्हणजे दगड, हे कळलं तर हसतील."

"तुझ्या सासऱ्याला त्यांचा अख्खा बागबाजार मोहल्ला खोका म्हणतो. बंगालीत खोका म्हणजे बाळ. साठीचं बाळ चालतं, आणि मी नको?"

मोबाइल खिशात घालून निघून गेला.

ग्रुपवरच्या बायांनो, माझ्या आधी आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून मला तिनं दगडाचं नाव दिलं. मरण आलंच, तर 'हा नुसता धोंडा' असं म्हणून पुढं जाईल. मी जगले. नावानंच जगले, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

आता भांडायचंही त्राण नाही. प्रशांत, तूही या ग्रुपवर आहेस, हे वाचतोयस. पत्रिका शनिवारी छापायला जाणार ना? शुक्रवारपर्यंत इथंच, सगळ्यांसमोर सांग, माझं नाव घालणार की नाही. नसेल घालायचं तर जागा कोरी ठेव. धनश्रीला मी ओळखत नाही.