पानावर ठेवलेला हात

आश्विनातली दुपार म्हटली की मला आजही तापलेल्या तांब्याचा आणि चिंचेचा वास येतो. नाशकात तांबटांच्या आळीतल्या एका माडीवर आमचा बायकांचा वाचनवर्ग भरे; शिकवायला मी. खाली हातोड्यांची लय, वर आमची बाराखडी, आणि फळ्यांच्या फटींतून चढणारा तो आंबट, धातूचा गंध अक्षरांना कायमचा चिकटलेला. सन तीसनंतरची ती वर्षं. बायका अक्षरं जोडू लागल्या होत्या, पण वाचलेली ओळ गोदेत सोडलेल्या द्रोणातल्या दिव्यासारखी दूर निघून जाई, मागे काही उरत नसे.

म्हणून मी एक युक्ती काढली. गोष्ट ऐन रंगात आली की पुढच्या मजकुरावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, "आता काय होईल? आणि कशावरून?" नाटक माझ्या अंगात मुरलेलंच. वाघाची डरकाळी मी फोडी, सासूचा नाकातला सूर मी काढी, पूर दाखवायला पदर पसरी. पण बायका माझ्याहून बेरकी. वाघ गोठ्यात शिरला तरी त्यांचं वासरू वाचायचंच.

"कशावरून?"

"अभद्र कशाला बोलावं, बाई? वास्तू तथास्तु म्हणते."

"अगं, गोष्ट कुठली आणि खरं कुठलं, एवढं वास्तूला कळत असेल की."

"कळत असेल हो. पण तिची परीक्षा आपण कशाला घ्यावी?"

माडीभर हशा पिके. खिडकीशी बसणारी सरूबाई त्यात सर्वांत पुढे. तिचा नवरा आगबोटीवर कोळसा टाकायला गेला, त्याला कितीतरी पावसाळे लोटले होते, निरोप नव्हता. चांदवडचा भाऊ दर सुगीला न्यायला येई आणि ही त्याला परत लावून देई. "ते या दाराशी येतील. मी इथं नसले तर जातील कुठं?" तिच्या गोष्टींतले प्रवासी नेहमी सुखरूप परतत.

त्या दुपारी नावाड्याची गोष्ट निघाली आणि वाचायची पाळी सरूची आली. पुरात नाव घालून गेलेला नावाडी. घाटावर त्याच्या बायकोला रोज विचारणारे शेजारी, तो कधी येणार म्हणून. मग बाजरी निसवली, कणसं खुडून झाली, आणि कुणी विचारीनासं झालं. तिथे मी हात ठेवला.

"येतो, येतो," बायका एकसुरात म्हणाल्या. "ओवाळायचं तबक काढा."

सरू माझ्या बोटांकडे पाहत होती. "येत नाय तो."

"कशावरून?" माझा नाटकी आवाज सवयीनं निघून गेला.

"आधी लोक इचारतात. मग इचारायचे थांबतात. त्यांना कळलेलं असतं, बाई, फक्त ते बोलत नायत."

मी हात उचलला. ओळीखाली बोट धरून तिनंच पुढचं वाचलं. नावाडी परतला नव्हता.

"माझं बरोबर आलं," ती म्हणाली आणि हसली. मजकुराचा ठाव पहिल्यांदाच लागलेल्या माणसाचं ते निर्मळ हसू होतं; अर्थ मनापर्यंत पोचल्यावरही ते क्षणभर तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, घरधनी गेल्यावर खुंटीवर राहिलेल्या पागोट्यासारखं. जिना उतरताना कुणी तिला काहीच विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा मी तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची अमीनाबी ओट्यावर सूत उकलत बसली होती.

"भावाची गाडी आली सकाळी. तिनंच सांगावा धाडला होता," ती म्हणाली. "कुलूप घातलं, अन् मग चुना घेऊन बसली दाराशी. मी म्हटलं, सरू, दार कशाला खराब करतीस, मालक ओरडंल. तर म्हणे, ओरडू दे."

काळपट फळ्यांवर वाकडीतिकडी, चुन्याची अक्षरं होती: मी चांदवडला भावाकडे आहे. रात्र झाली तरी दार वाजव.

तिच्या नवऱ्याला वाचता येत होतं की नाही, हे मला ठाऊक नाही. भाडेकरू बदलले, पण ती ओळ कुणी पुसली नाही. दिवेलागणीला मी त्या बोळातून जाते, आणि एखादा परका पुरुष त्या दारापुढे थबकला की माझीही पावलं थांबतात. तो ओळ शेवटपर्यंत वाचतो का, एवढंच पाहायला.