मोकळ्या माणसाचं पुढे काय?

निखिलचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." पिठाच्या हातानं फोन धरून मी वेड्यासारखं विचारलं, "गेली? कुठे गेली?" कारण न्यूझीलंडमधल्या या रोटोटुनात आम्हा दोघींना एकटीनं कुठे जायची मारामार.

निखिलची आई वसुधा आणि मी, दोघी पुण्याच्या, दोघी मुलांकडे येऊन राहिलेल्या. गाडी चालवता येत नाही, बस ताटकळत ठेवते. डेअरीपर्यंत चालत जायचं, दूध घेऊन परत यायचं, की संपला दिवस. "आई, आता तू मोकळी!" असं निखिल विमानतळावरच म्हणाला होता. त्या शब्दावर ती काय भडकायची! उभा जन्म तिनं कॉलेजात अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकवला, गुलामगिरी शिकवली, आणि मालकाच्या हातून सुटलेल्या काळ्या माणसांवर तर तिचा विशेष जीव. पोरं पेपरात लिहायची, "मग ते मोकळे झाले." पूर्णविराम. ही त्याच्या शेजारी लाल पेनानं लिहायची, "पुढे काय?" बहुतेकांना मताचा हक्क नाही, कितीतरी ठिकाणी गोऱ्याविरुद्ध साक्ष नाही, मोकळे असल्याचा कागद खिशात बाळगायचा... मोकळा माणूस नागरिक व्हायला पिढ्या गेल्या, हे ती बागेतल्या बाकावर हातवारे करून मला सांगायची. बँकेत हाडं झिजवलेल्या बाईला तिनं या वयात विद्यार्थिनी करून टाकलं.

गेल्या वर्षी पुण्याच्या तिच्या कॉलेजनं बोलावलं, एक सत्र शिकवायला या म्हणून. बाई अशी खुलली की काही विचारू नका! पुढच्या भेटीत मात्र तोंड एवढंसं. "निखिल म्हणाला, बघू या. तिथं एकटी कशी राहशील, म्हणाला. काळजीनंच म्हणाला गं." मी तडकले. "मग तुझ्या त्या मोकळ्या माणसांसारखंच झालं की आपलं!" तर माझ्यावरच उसळली. "जीभ आवर. त्यांची पोरं बाजारात विकली जायची. आपल्याला सून नाहीतर लेक हातात आयता चहा देते. त्यांचं दुःख आपल्या अंगाला लावून मिरवायचं नाही." मग हळूच म्हणाली, "पण अडकलेय गं मी. पाहुण्याला निदान कधी निघणार असं विचारतात." ते सत्र सुरू झालं, संपलंही. निखिल बघतच होता.

तेराव्यानंतर निखिल आणि मी तिच्या खोलीत बसलो होतो. "मावशी, आईला खरंच जायचं होतं का?" त्यानं विचारलं.

"रोज म्हणायची."

"मला तर एकदाच म्हणाली."

"तुला तिनं विचारलं रे राजा. मला सांगितलं."

तो लहान पोरासारखा रडला. मी त्याला जवळ घेतलं, पण माझा राग काही गेला नाही, खोटं कशाला बोलू!

परवा चहा घेताना मी लेकीला म्हटलं, "दिवाळीनंतर मी पुण्याला जातेय. राहायला."

"आई, बघू या ना."

"त्यात बघायचं काय? जातेय."

शेवटच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायला वसुधा लावून दाखवायची, तसा आवाज लागला माझा. लेक कप हातात धरून बघत राहिली... मी उठून माझा कप विसळून ठेवला.