हत्ती की बिबट्या

श्रीलंकेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. दक्षिणेच्या जंगलात बिबटे आहेत, तर उत्तरेकडे कोरड्या दिवसांत तलावाकाठी हत्तींचे कळप जमतात. दोन्हीकडे जायला सुट्टी पुरणार नव्हती. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, बोट तलावापाशी थांबलं होतं. मी दक्षिणेबद्दल बोलू लागलो, तसं तिने ते हळूच उचललं.

"बिबट्या नाही दिसला तर?"

"दुसऱ्या दिवशी परत जायचं."

"म्हणजे दोन दिवस तुमचा अबोला. हत्ती निदान दिसतात तरी."

ती हसली, मला हसता आलं नाही. जे सहज समोर येतं, ते मला कधी पुरलंच नाही. मोर, हरणं, पाणथळीतले बगळे मागे टाकत मी प्रत्येक सफारीत जीप पुढे घ्यायला लावली आणि काहीच न पाहिल्यासारखा परतलो. या हव्यासाचाही आता थकवा येतो.

"उत्तरेकडेच जाऊ," मी म्हणालो.

तिने नकाशाकडे पाहिलं नाही. मी हे मनापासून म्हणतोय का, ते ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. जंगलातही, बाकीचे लोक प्राणी पाहत असताना, ती बहुधा माझा चेहराच पाहत आली असावी.